माझ्या पोटात उरलेला गहू

मित्रांनो, मी एक जुनी पिठाची गिरणी आहे आणि मला भीती वाटते. हसू नका. एवढे मोठे धूड, पोटात चार माणसांना न उचलवणारे दगड, सुरू झाले की समोरच्या दुकानाच्या काचा थरथरतात, आणि म्हणे भीती वाटते! पण खरे तेच सांगते. मला चोराची भीती नाही, गंजाची नाही, भंगारवाल्याची थोडीशी आहे. सगळ्यात जास्त भीती मला माझ्या स्वतःच्या पोटाची वाटते. ती का, ते सांगायलाच आज मी तोंड उघडले आहे.

माझा जन्म लोखंडकामाच्या एका शेडमध्ये झाला. एका पाथरवटाने माझे दोन्ही दगड घडवले आणि त्यांच्या तोंडावर छिन्नीने रेघा पाडल्या. या कामाला टाकी लावणे म्हणतात. रेघा झिजल्या की पुन्हा टाकी लावावी लागते, नाहीतर मी दळायचे सोडून नुसते दाणे चुरडत बसते. दगडांभोवती पत्र्याचे गोल कवच चढवले. वर धान्य ओतायला चौकोनी तोंड केले, खाली पीठ पडायला नळी जोडली आणि नळीला कापडी बाही बांधली. शेवटी मला हिरवा रंग दिला. तो आता फक्त भिंतीकडच्या बाजूला उरला आहे, जिकडे कुणी बघत नाही.

ज्याने मला घेतले तो तेव्हा कोवळा तरुण होता. आज त्याचे केस पांढरे आहेत, पण त्यातले खरे पांढरे किती आणि पीठ किती हे त्यालाही सांगता येणार नाही. सगळी गल्ली त्याला गिरणीवाला म्हणते. एका खोलीचे दुकान, रस्त्याकडे उघडणारे दार, मागे एक नळ आणि मोरी, एका कोपऱ्यात वजनकाटा, दुसऱ्या कोपऱ्यात मी. त्याची थोरली बहीण चेष्टेने म्हणायची, "याचं पहिलं लग्न गिरणीशी झालंय. बायको नंतर आली." बायकोही हसायची. दुपारनंतर ती वजनकाट्यावर बसे. तिचा काटा कधी इकडचा तिकडे झाला नाही आणि तिची नजरही नाही.

माझी ती वर्षे फार सुखाची गेली. सकाळपासून लोक डबे घेऊन रांगेत उभे राहात. कुणाचा गहू, कुणाचा मका, कुणाचा तांदूळ, कुणाचे जव. सगळे माझ्याच पोटातून जाई. एकाचे पीठ दुसऱ्यात मिसळू नये म्हणून गिरणीवाल्याची एक पद्धत होती. धान्य बदलले की तो दगड थोडे सैल करायचा, मला रिकामीच फिरवायचा, बाहीवर काठीने चार फटके मारायचा, आणि मग नव्या धान्याच्या दोन मुठी दळून ते पीठ बाजूला टाकायचा. याला तो गिरणी विसळणे म्हणायचा. "मी विसळलेल्या गिरणीत दुसऱ्याचा दाणा सापडला तर मिशी उतरवीन," असे तो छाती फुगवून सांगायचा. लोक माझ्या पिठाची तारीफ करायचे. मी हवेत असायची.

गिरणीवाल्याला उशिरा एक मुलगी झाली. तिला एका जागी बसणे ठाऊक नव्हते, म्हणून तिचे नाव पडले भिंगरी. शाळा सुटली की ती दप्तरासकट दुकानात घुसायची, पोत्यांवरून उड्या मारायची आणि माझ्या नळीखाली हात धरून गरम पीठ मुठीत घ्यायची. "आई, गिरणीला ताप आलाय," असे ओरडायची. मला तिचा इतका लळा लागला होता की शाळेची घंटा ऐकू आली की माझे लक्ष दाराकडे लागायचे.

ती नऊ वर्षांची झाली त्या वर्षी भिंगरी फिरायची थांबली. आधी ती नुसती चिडचिड करायला लागली. मग पोट धरून पोत्यावर बसू लागली. जेवण जायचे, पण अंगी लागत नव्हते. हातापायांच्या काड्या झाल्या आणि पोट मात्र फुगलेले. वर्गातल्या मुली उंच होत गेल्या, ही तिथेच. एक दिवस ती पोत्यावरून उतरता उतरता चक्कर येऊन पडली. गिरणीवाल्याने मला बंद केले आणि तिला उचलून तो दार उघडे टाकून पळाला. दुकान तासभर उघडे होते. मला मात्र तिचे डोके आपटल्याचा आवाजच ऐकू येत होता.

बरेच दवाखाने झाले, तपासण्या झाल्या. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी निदान केले. ते मला त्या संध्याकाळी कळले, कारण नवरा-बायको घरी न जाता आधी दुकानात आले. बायकोने शटर अर्धे ओढले.

"सीलिॲक म्हणतात त्याला," ती म्हणाली. "गव्हात ग्लूटेन म्हणून असतं. जवात पण असतं. ते पोटात गेलं की तिच्या आतड्याची आतली लव झिजते. मग कितीही खाल्लं तरी वाया. औषध नाही. गहू बंद, एवढंच औषध. कायमचा बंद."

"गहू बंद?" गिरणीवाल्याला हसावे की रडावे ते कळेना. "माझ्या लेकीला गहू बंद? अगं, आपण गव्हावर जगतो."

"आपण जगतो. ती मरेल," बायको म्हणाली आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

मित्रांनो, मी पस्तीस वर्षे गहू दळला होता. त्या रात्री पहिल्यांदा मला माझ्या अंगाच्या वासाचीच भीती वाटली.

पुढचे दिवस घरात काय चालले होते ते मला वजनकाट्यावरच्या गप्पांतून समजत गेले. बाईंनी, म्हणजे गिरणीवाल्याच्या बायकोने, घर धुऊन काढले. लाकडी डाव आणि लाटणे यांच्या चिरांत पीठ राहते म्हणून ते टाकून दिले. पिठाची जुनी चाळणी टाकली. पाव भाजायचे यंत्र शेजारणीला देऊन टाकले. भिंगरीची भांडी वेगळ्या फळीवर गेली आणि तिच्या डब्यांना लाल झाकणे आली. आता बाईंच्या पर्समध्ये भिंग असे. वाण्याच्या दुकानात उभे राहून त्या प्रत्येक पाकिटामागची बारीक अक्षरे वाचायच्या. सॉसमध्ये गहू, सुपाच्या वडीत गहू, चॉकलेटच्या गोळ्यांत गहू. "इतकी वर्षं आपण डोळे मिटून खात होतो," त्या म्हणायच्या. वाढदिवसाला बोलावणे आले की भिंगरी स्वतःचा डबा घेऊन जायची आणि केक कापताना बाहेर पायरीवर जाऊन बसायची.

थोरल्या बहिणीला हे सगळे थोतांड वाटे. "आमच्या वेळी नव्हते असले आजार. एवढ्याशा कणानं काय होतंय? तुम्ही पोरीला काचेच्या कपाटात ठेवा आता."  बाई मात्र काट्यावरची वजने जरा जोरात आपटायच्या.

आणि पिठाचे काय? भिंगरीला पाव हवा होता, गोड काहीतरी हवे होते, निदान तांदळाच्या पिठाचे तरी. बाजारात तयार पिठाची पाकिटे मिळत होती. गिरणीवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "घरात गिरणी असताना पाकिटातलं पीठ? लोक तोंडात शेण घालतील. माझ्या लेकीचं पीठ मी दळणार. माझ्या हातानं. विसळून, एकदा नाही, तीनदा."

त्याने उत्तम तांदूळ आणला, निवडला, धुतला, वाळवला. मला तीनदा विसळले. बाहीवर इतके फटके मारले की शिवण उसवली. मग दोन्ही हातांनी जपून त्याने तांदूळ माझ्या तोंडात ओतला. त्याचे ओठ हलत होते. तो काय पुटपुटत होता ते मला मोटारीच्या पट्ट्याच्या आवाजात ऐकू आले नाही.

मित्रांनो, आता मला जे सांगायचे आहे ते सांगताना मला अजून शहारे येतात. माझ्या दगडांची कड आणि पत्र्याचे कवच यांच्यामध्ये एक फट आहे. बाहेरून ती दिसत नाही. तिथे पीठ साचते, दगड तापले की घट्ट होते, आणि पुन्हा दळण सुरू झाले की त्याचे कपचे सुटून खाली पडतात. बाहीच्या घडीतही तेच. विसळताना वरवरचे जाते, आतले राहते. पस्तीस वर्षे ते मला माहीत होते आणि पस्तीस वर्षे त्याने कुणाचे काही बिघडले नव्हते. कुणाच्या गव्हात चिमूटभर मका गेला तर कोण मरतो? म्हणून मीही कधी मनावर घेतले नव्हते.

त्या दिवशी मी मनावर घेतले. तांदळाचे शुभ्र पीठ नळीतून पडत होते आणि त्यात माझ्या फटीतला गहूही पडत होता. पांढऱ्यात पांढरे. गिरणीवाल्याने चिमूट घेऊन जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाला, "बघ, कसं निर्मळ पडलंय."  मी ओरडायचा प्रयत्न केला. गिरणी ओरडली म्हणजे काय होणार? पट्टा करकरला. त्याने पट्ट्याला मेण लावले.

तेव्हापासून दर रविवारी भिंगरीचे दळण यायचे, लाल झाकणाच्या डब्यातून. इतर दिवशी मला काही वाटत नसे. शनिवार आला की माझे दगड गार पडायचे. उद्या पुन्हा मी तिला माझ्या हाताने ते देणार, आणि मला कुणी थांबवणार नाही.

त्यातून गिरणीवाल्याच्या अंगात उत्साह संचारला. त्याने दारावर एक पाटी लावली: 'ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांची पिठे खास स्वच्छतेने दळून मिळतील.' पाटी वाचून एक निवृत्त बसचालक आले. त्यांना सगळे बसवाले काका म्हणत. त्यांच्या बायकोलाही हाच आजार निघाला होता. सत्तराव्या वर्षी काका स्वयंपाक शिकत होते. "आयुष्यभर गाडी चालवली, पण हा चुलीचा गिअर काही हातात येत नाही," असे म्हणून ते स्वतःच हसायचे. त्यांनी एकदाच विचारले, "नक्की चालेल ना हो? तिची तब्येत फार नाजूक आहे."

"काका," गिरणीवाला छातीवर हात ठेवून म्हणाला, "माझी स्वतःची लेक हेच पीठ खाते."

त्या वाक्यावर काका दर पंधरा दिवसांनी येऊ लागले. माझा जीव आता दोघींसाठी टांगणीला लागला.

तीन महिन्यांनी भिंगरीची पुन्हा तपासणी झाली. मी वाट बघत होते. मला वेडी आशा होती की कदाचित एवढ्याशाने काही होत नसेल, कदाचित त्या थोरल्या बहिणीचेच खरे असेल. बाई आल्या त्या थेट काट्यामागच्या स्टुलावर बसल्या.

"रक्तातलं अँटीबॉडीचं प्रमाण उतरलं नाही," त्या म्हणाल्या. "वजन दीड किलोनं कमी झालंय. डॉक्टर म्हणाल्या, कुठून तरी गहू जातोय, शोधून काढा. सहा आठवडे देते म्हणाल्या. नाहीतर दाखल करायचं. तिची हाडंसुद्धा ठिसूळ व्हायला लागलीत."

मग शोध सुरू झाला. बाईंनी दंतमंजन बदलले, औषधाच्या गोळ्यांची पाकिटे तपासली, शेजारणीचे येणे बंद केले. ज्या कोपऱ्यात दोष होता तो सोडून सगळे कोपरे झाडले. मग संशय आला तो भिंगरीवरच. दुकानात, माझ्यासमोर, बाईंनी तिला पुढ्यात उभे केले.

"खरं सांग. कुणाच्या डब्यातलं खाल्लंस?"

"नाही गं आई."

"बिस्किटाचा तुकडा? केकचा चुरा? मी मारणार नाही. फक्त सांग."

"नाही खाल्लं!" भिंगरीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "मी कुण्णाचं काही खाल्लं नाही. मी पायरीवर बसते ना बाहेर. तुला का खोटं वाटतं?"

बाईंनी तिला जवळ ओढले. गिरणीवाल्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिचे डोळे आपल्या बोटांनी पुसले. ती बोटे गव्हाच्या पिठाने पांढरी झाली होती. पिठाचा एक पट्टा तिच्या ओठांपर्यंत ओढला गेला. मला ते दिसत होते. खोलीत तिघे होते आणि ते फक्त मला, एका गिरणीला दिसत होते. मित्रांनो, जगात याहून भयंकर काही असेल तर ते माझ्या वाट्याला आलेले नाही.

सहापैकी चार आठवडे गेले. भिंगरीची शाळा बंद झाली. दुपारी ती दुकानातच पोत्यावर निजून असे, कारण आईला तिच्यावर नजर ठेवायची होती. हवेत गव्हाची धूळ तरंगत असायची आणि ती तोंड उघडे टाकून झोपलेली असायची. मी मोटार बंद पडावी म्हणून मनातल्या मनात विनवण्या करायची. मोटार मेली धडधाकट होती.

मग तो मंगळवार आला. दुपारी एकाने मका दळून नेला, भरपूर, पिवळाधमक. त्याच्यामागून एक शिंपीणबाई तांदूळ घेऊन आल्या. गिरणीवाल्याने मला नेहमीप्रमाणे विसळले आणि तांदूळ दळून दिला. शिंपीणबाई दारापर्यंत गेल्या आणि डब्यात डोकावून परत फिरल्या. दिवसभर सुईत दोरा ओवणारी ती नजर.

"गिरणीवाले, माझ्या तांदळात हे पिवळं काय आहे?"

"कुठे पिवळं?"

"हे काय. हे. आणि हे."

"अहो, मक्याचे चार कण आलेत. विसळली होती गिरणी. खाण्याचीच वस्तू आहे, विष थोडंच आहे?"

शिंपीणबाई पुटपुटत गेल्या. गिरणीवाला हसत पुढच्या डब्याकडे वळला. काट्यामागे मात्र बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या हातातले वजन तसेच हातात राहिले होते.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या. "गिरणी बंद करा."

"आता? रांग आहे."

"बंद करा म्हणते ना!"

 बाईंनी स्वतः येऊन खटका पाडला. मग त्यांनी नवऱ्याला मूठभर मका दळायला लावला. "आता विसळा. तिच्या पिठासाठी विसळता तशी. तीनदा." त्याने विसळली.  "आता तांदूळ घाला." त्याने घातला. बाईंनी शेजारून एक तवा मागवला, ते पीठ त्याच्या काळ्या पाठीवर पसरले आणि पर्समधून भिंग काढले.

पिवळे ठिपके मोजायची गरजच नव्हती.

"मक्याचं पिवळं दिसतं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "गव्हाचं दिसणार नाही. पांढऱ्यात पांढरं."

गिरणीवाल्याने रांगेला हात जोडले आणि सगळ्यांना परत पाठवले. पाना आणून त्याने माझ्या कवचाचे बोल्ट सोडायला सुरुवात केली. एरवी टाकी लावायला वर्षातून दोनदा तो मला उघडायचा, पण तेव्हा त्याचे लक्ष दगडांच्या तोंडाकडे असे, कडेकडे नसे. आज त्याने कडेला बोट घातले. बोटाच्या पेराएवढा जाड थर होता, भाजलेल्या मातीसारखा. छिन्नीने त्याने एक खपली उचकटली, हातात चुरडली, हुंगली.

"गहू," तो म्हणाला.

तो खाली बसला, माझ्या पायाशी. हातोडा त्याच्या मांडीजवळच होता. मला वाटले आता हा उठणार आणि माझे दोन तुकडे करणार. करावेत, असेही वाटले. पण तो स्वतःच्याच हातांकडे बघत राहिला. "चार महिने. मी निवडून, धुऊन, वाळवून... मी स्वतः खायला घातलं गं तिला."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"मिशी उतरवीन म्हणत होतो मी." तो रडायला लागला. पस्तीस वर्षांत मी त्याला रडताना पाहिले नव्हते.

आवाजाने भिंगरी पोत्यावर उठून बसली होती. ती उतरून पुढे येऊ लागली तशी आई किंचाळली, "तिथेच थांब! पुढे येऊ नको!" भिंगरी दाराच्या चौकटीला जाऊन चिकटली. तिने माझ्या उघड्या पोटाकडे पाहिले, तिथल्या खपल्यांकडे पाहिले. हुशार पोर, तिला सगळे समजले.

"बाबा," तिने विचारले, "गिरणीनं मुद्दाम केलं का?"

"नाही रे बाळा. तिला बिचारीला काय कळतंय?"

मला कळत होते, मित्रांनो. सगळे कळत होते. तेवढे मला तिला सांगता आले नाही आणि आजही सांगता येत नाही.

त्या दिवसापासून भिंगरी दुकानात आली नाही. गिरणीवाला संध्याकाळी मागच्या नळावर डोक्यापासून आंघोळ करून, वेगळे कपडे घालूनच घरी जाऊ लागला. दुकानातले जोडे दुकानात. मिशी त्याने खरोखरच उतरवली. कुणी विचारले तर म्हणायचा, "तिच्यात पीठ अडकतं." घरात पहिले काही आठवडे पीठच नव्हते. भात, बटाटे, भाज्या, अंडी, फळे, उकडलेला मका, एवढेच. नंतर बंद पाकिटातले पीठ आले, ज्याच्यावर तपासणीची खूण असते. गिरणीवाल्याने ते मान खाली घालून विकत आणले. दारावरची पाटी त्याने त्याच मंगळवारी काढली होती.

पण पाटी काढून सगळे निस्तरत नव्हते. शुक्रवारी बसवाले काका येणार होते. गिरणीवाल्याकडे त्यांचा पत्ता नव्हता, फोन नव्हता. ते तीन दिवस आम्ही दोघांनी कसे काढले ते आमचे आम्हाला ठाऊक. शुक्रवारी काका पिशवी घेऊन पायरी चढले, तेव्हा थोरली बहीणही तिथे बसली होती. ती भावाला हळूच म्हणाली, "सांगू नकोस. नुसतं म्हण, गिरणी बिघडली. आयुष्यभराचं नाव जाईल."

"जाऊ दे ताई," गिरणीवाला म्हणाला. तो काकांसमोर जाऊन उभा राहिला. "काका, घरात माझ्याकडचं पीठ उरलं असेल तर टाकून द्या. आजच. त्यात गहू आहे."

काकांना समजेना. "अहो, असं कसं? तुमची लेक खाते म्हणालात ना?"

"हो. म्हणूनच सांगतोय."

काकांनी पिशवी खाली ठेवली. त्यांचा चेहरा उतरत गेला. "दीड महिना ती म्हणत होती, पोटात दुखतंय," ते म्हणाले. "मी म्हणायचो, तुझं आपलं काहीतरीच. आता तर सगळं स्वच्छ आहे. मी तिला खोटं पाडलं हो."

 काका रागावले असते तर बरे झाले असते. ते रागावले नाहीत. तांदळाची पिशवी तिथेच विसरून ते पायऱ्या उतरले आणि वय विसरून भराभर चालू लागले. थोरल्या बहिणीने ती पिशवी उचलली, पदर खोचला आणि "अहो थांबा, मी येते, तुम्हाला घर आवरायला लागेल," असे ओरडत ती त्यांच्यामागे गेली. एवढ्याशा कणाने काय होतंय, हे तिने त्यानंतर कधी म्हटले नाही.

भिंगरीला दाखल करावे लागले नाही. सहा आठवड्यांची मुदत संपली तेव्हा वजन घटायचे थांबले होते, तीन महिन्यांनी वाढले, आणि रक्तातले प्रमाण हळूहळू उतरायला लागले. काकांची बायकोही सावरत आहे, असे कानावर आले. मी अजून दळते. गहू दळते, मका दळते. कुणी तांदूळ घेऊन आले की गिरणीवाला आधी विचारतो, "घरात कुणाला गहू वर्ज्य नाही ना?" ते उत्तर येईपर्यंत माझे दगड भीतीने गार असतात. तो एखाद्या दिवशी आजारी पडला आणि हा प्रश्न विचारायला कुणी नसले, तर? ही भीती काही केल्या जात नाही, आणि जाऊही नये असे मला वाटते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या गिरणीवर, चाळणीवर, लाकडी डावावर ती स्वच्छ दिसते म्हणून विश्वास ठेवू नका. आधी तिच्यातून काय गेले आहे ते विचारा. आणि घरातले कुणी पोट दुखते म्हणाले, तर आधी त्याचे खरे माना.

परवा शाळा सुटल्यावर मी भिंगरीला पाहिले. मैत्रिणींबरोबर ती रस्त्यापलीकडच्या फुटपाथवरून पळत गेली. पळत गेली, मित्रांनो! पाय केवढे लांब झाले आहेत तिचे. मला पूर्वी वाटायचे की तिने दाराशी यावे. परवा ती जराशी रेंगाळली तरी माझा थरकाप उडाला, आणि ती न थांबता पुढे गेली तेव्हा जीव भांड्यात पडला. तुमच्यापैकी ज्याला गहू चालत नसेल, त्याला माझे एवढेच सांगणे आहे. मला तुम्ही फार आवडता. माझ्या दारावरून असेच पळत पुढे जा. थांबू नका.